याकूबभाईंचा पाच गाड्यांचा वायदा

याकूबभाईंना मोटार कंपनीनं फसवलं. याकूबभाईंनी कोणालाही फसवलं नाही. अकोल्याच्या बैलबाजारात अजून काही लोक हे उलटं करून सांगतात, म्हणून आधी एवढं लिहून ठेवतो.

कंपनीचं नाव मी घेणार नाही. घेतलं की लोक म्हणतात, पुंडलिकभाऊचा जुना राग आहे. होताच. ट्रकवर क्लीनर होतो तिथून तीन गाड्यांचा मालक झालो, आणि त्या सगळ्या काळात ज्यानं ज्यानं मला एका पैशालाही गंडवलं त्याचं तोंड माझ्या लक्षात आहे. पण ही गोष्ट माझी नाही. मी तिथं होतो, एवढंच.

याकूबभाई मूळचे बैलांचे दलाल. उंच, वाळके, मे महिन्यातही पायजम्यावर काळा कोट. खिशात गूळ आणि फुटाणे. कोणाशी बोलायच्या आधी दोन फुटाणे तोंडात टाकायचे, म्हणजे पहिला शब्द समोरच्याला बोलावा लागे. त्यांची एक सवय साऱ्या अकोल्याला ठाऊक होती. कुठलीही वस्तू असो, तिला ते आधी एक चक्कर मारायचे. बैलाला मारायचे ते ठीक, पण खुर्चीलाही मारायचे. जठारपेठेत मी घर बांधलं तेव्हा ते पहिल्यांदा आले, आणि दारात मी उभा असताना तसेच घराच्या मागं निघून गेले. बायको आतून म्हणाली, "अहो, पाहुणे कुठं गेले?" मागची भिंत, मोरी, संडास सगळं पाहून ते पाच मिनिटांनी पुढं आले.

"समोरून समदेच सुंदर दिसतात, भाऊ," म्हणाले. "मांगून पाहा लागते. घर चांगलं हाय तुमचं."

बैलबाजारातला सौदा ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. घेणारा आणि दलाल एकमेकांचा हात धरतात आणि त्यावर रुमाल टाकतात. भाव तोंडानं बोलायचा नाही. रुमालाखाली बोटं धरायची. एक बोट धरलं तर एक, तीन धरली तर तीन, सारा पंजा दाबला तर पाच. भोवती पन्नास माणसं उभी असली तरी कोणाला काही कळत नाही. आणि समोरच्यानं हात उलट दाबला आणि रुमाल काढला की सौदा झाला. मग घेणाऱ्याचा बाप आला तरी फिरत नाही. ज्याचा सौदा फिरला, त्याच्या रुमालाखाली पुन्हा कोणी हात घालत नाही. दलालाजवळ दुसरं काही नसतं. दुकान नाही, माल नाही. तो हात हेच त्याचं दुकान. याकूबभाईंचा हात सबंध वऱ्हाडात चालायचा.

असा माणूस मोटारींकडं कसा आला? अमरावतीला बडनेऱ्याच्या रस्त्यावर कंपनीची एजन्सी होती. तिच्या शेठनी शेतीसाठी याकूबभाईंकडून बैलजोडी घेतली. जोडी चांगली निघाली. शेठच्या शेडमध्ये तेव्हा दोन स्टेशन वॅगन धूळ खात उभ्या होत्या. साध्या मोटारीसाठी लोक वर्षानुवर्षं नंबर लावून बसायचे, तिला विकणारा लागतच नव्हता. पण ही मागं लांब वाढलेली, पाठीमागून फाटकासारखी उघडणारी गाडी कोणाला नको होती. अमरावतीत लोक तिला मयताची गाडी म्हणायचे. शेठ म्हणाले, "याकूब, बैल विकतोस. हे दोन बैल विकून दाखव."

याकूबभाईंनी आधी साध्या मोटारीला चक्कर मारली. मग वॅगनला मारली. मागचं दार उघडलं, आतली सीट पाडली, वाकून आत पाहिलं.

"त्या गाडीले मांग काईच नाई," म्हणाले. "हिले हाय."

मोटारीच्या इंजिनातलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं, आणि कधी कळलंही नाही. बॉनेटवर बैलाच्या पाठीवर मारावी तशी थाप मारायचे, बस. भाव कंपनीनं ठरवलेला, त्यात घासाघीस नाही. मग रुमालाखाली काय ठरायचं? वायदा. गाडी किती महिन्यांत दारात उभी राहील ते.

मी त्यांचा पहिला गिऱ्हाईक. माझी जुनी मोटार अकोला-पातूर सवारी ओढत होती आणि मोडकळीला आली होती. वॅगनमध्ये जास्त माणसं बसतात, टपावर सामान जातं, हिशोब सरळ होता. एजन्सीच्या शेडमध्ये मी त्यांच्या रुमालाखाली हात घातला आणि एक बोट धरलं. एक महिना. त्यांनी माझी तीन दाबली. मी हाताला हिसका दिला.

"तीन? गाडी इथं डोयासमोर उभी हाय अन् तीन महिने? कोणाले शिकवून राहिले तुमी?"

"बोलू नका, भाऊ. बोललं की सौदा बाटते."

"बाटू द्या!"

मी बरंच काही बोललो. त्यांनी माझा हात सोडला नाही. रुमालाखाली तसाच धरून ठेवला, दुसऱ्या हातानं फुटाणे खात राहिले. शेडमधले मेकॅनिक काम सोडून बघायला लागले. माझा आवाज बसला तेव्हा म्हणाले, "उतरला का राग? आता आयका. मांगच्या दरवाजाची काच फुटली हाय. नवी काच कारखान्यातून येईन तवा येईन. एक म्हणलो असतो तर तुमी खुश झाले असते अन् मी खोटा."

गाडी दोन महिन्यांत आली. त्या दिवसापासून एक वेळ सोडली तर मी त्यांच्याशी भाव केला नाही. मी भाव न केलेली माणसं जगात फार नाहीत.

मग दुसरी वॅगन गेली, तिसरी गेली. शेठ कारखान्याकडून आणखी मागवायला लागले. त्यातल्या एका गिऱ्हाइकाची गोष्ट सांगायला हवी. पातूरला डॉक्टर तायडे म्हणून तरुण डॉक्टर होते. नागपूरला दीक्षा घेऊन आलेल्या घरातले. त्या घरातला पहिला डॉक्टर. फार कमी बोलायचे, हसायचे तर नाहीच. त्यांच्याकडची अवघडलेली बाई अकोल्याला न्यायची म्हणजे छकड्यावर खाट बांधून न्यायची. मी याकूबभाईंना माझ्या वॅगनमधून त्यांच्याकडं नेलं. डॉक्टरांनी गाडी पाहिली आणि म्हणाले, "लोक हिला मयताची गाडी म्हणतात. माझे पेशंट हिच्यात बसतील का?"

याकूबभाईंनी मागची सीट पाडली, कोटासकट आत आडवे झाले, टोपी छातीवर ठेवली आणि डोळे मिटले.

"घ्या भाऊ. घाटापर्यंत."

"रस्ता खराब हाय, याकूबभाई."

"म्हणून तर घ्या."

डॉक्टर माझ्या शेजारी बसले. घाटाच्या पायथ्यापर्यंत जाऊन परत आलो. खड्डा आला की मागून "या अल्ला" एवढंच ऐकू यायचं. दवाखान्यासमोर गाडी थांबली. दहा-वीस लोक जमले होते. मागचं दार उघडलं. याकूबभाई हळूच उठून बसले, अंगभर धूळ, केस उभे.

"डॉक्टरसाहेब," म्हणाले, "मयत चहा पिते का? एक कप मांगवा."

डॉक्टर तायडे हसले. तिथल्या कंपाउंडरनं मला सांगितलं की त्यांना हसताना त्यानं पहिल्यांदा पाहिलं. चहा झाला. डॉक्टर म्हणाले, आत्ता पैशाची सोय नाही, पण पुढच्या वर्षी घेईन. याकूबभाई म्हणाले, "मंग हात पुढच्या वर्षी. रिकामा हात मी धरत नाई." म्हणजे गिऱ्हाइकाकडं पैसा आणि आपल्याकडं गाडी, दोन्ही नक्की असल्याशिवाय ते वायदा करत नसत. हे नीट लक्षात ठेवावं. त्यांना खोटं ठरवणाऱ्यांनी तर नक्कीच.

पुढच्या उन्हाळ्यात कंपनीचे विक्रीचे मोठे साहेब अमरावतीला आले. साऱ्या देशात पडून असलेली वॅगन या एका कोपऱ्यात कशी खपते, ते त्यांना पाहायचं होतं. मी त्या दिवशी स्प्रिंगचे पाटे घ्यायला एजन्सीत गेलो होतो. साहेब गोरेगोमटे, मोकळे, हसरे. वाईट माणूस वाटला नाही. शेठनी याकूबभाईंना पुढं केलं.

"तो आप हैं! बताइए मियाँ, क्या जादू करते हैं?"

"जादू नाई साहेब. हात."

याकूबभाईंनी रुमालाची रीत समजावून सांगितली. साहेबांना मोठी मौज वाटली. "हमसे भी कीजिए सौदा!" म्हणून त्यांनी स्वतःच हात पुढं केला. याकूबभाईंनी साहेबांना एक चक्कर मारली. शेठ हसले, साहेब हसले, सगळे हसले. मग त्यांनी हातावर रुमाल टाकला.

"सौदा कशाचा, साहेब? आधी तोंडानं सांगा लागते."

"वॅगन का. अगले साल आपको कितनी दूँ, बोलिए."

याकूबभाईंनी फुटाणे चघळले. रुमाल हलला. साहेब म्हणाले, "अरे वाह, पूरा पंजा!" आणि हसत हसत त्यांनी उलट दाबलं. मी ते पाहिलं. मनगटाच्या शिरा दिसल्या इतकं दाबलं. याकूबभाईंनी रुमाल ओढला आणि मोठ्यानं म्हणाले, "झाला!" शेडमधल्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

मी याकूबभाईंना कोपऱ्यात घेतलं. "कागदावर घ्या. आत्ताच्या आत्ता. शेठसमोर सही घ्या."

"काहून?"

"तो हसत होता."

"मी बी हसत होतो, भाऊ. हसत केलेला सौदा का सौदा नसते?"

"तो बाजारातला माणूस नाई, याकूबभाई."

"हात त बाजारात घातला ना त्यानं?" ते माझ्यावर थोडे चिडले. "मी रीत सांगतली. त्यानं आयकली. मंग हात देला. मी त्याले ओढला नाई."

मी माझे पाटे उचलले आणि अकोल्याला निघालो.

त्या महिन्यात याकूबभाईंनी पाच जणांचे हात धरले. एक डॉक्टर तायडे. त्यांनी पैशाची सोय केली होती. एक मी, दुसऱ्या गाडीसाठी. बाकी तिघं अमरावती-बडनेऱ्याकडचे व्यापारी. पाच गाड्या, पाच माणसं. सहावा आला, त्याला परत पाठवला. म्हणाले, पंजात बोटं पाचच असतात.

वर्ष गेलं. गाड्या आल्या नाहीत. दुसऱ्या वर्षी शेठकडं निरोप आला की वॅगन बंद झाली. कारखान्यात पत्रा कमी, आणि एक वॅगन बनवायची म्हणजे एक साधी मोटार कमी बनते. त्याच्या जागी कंपनी आपली जुनी पळणारी गाडी पुन्हा काढणार होती. ती कधीकाळी शर्यतीत धावायची. आता नवं तिखट इंजिन घालून, लाल रंग लावून ती येणार, कंपनीचं नाव वर्तमानपत्रात येणार. वॅगनचं नाव वर्तमानपत्रात कोण छापतं?

लाल गाडी अमरावतीत दाखवायला आणली तेव्हा साहेब सोबत होते. याकूबभाई मला म्हणाले, "चला." आम्ही गेलो. एजन्सीसमोर ही गर्दी. कॉलेजची पोरं गाडीला हात लावून पाहत होती. कोणी तरी इंजिन सुरू केलं की टाळ्या पडायच्या. याकूबभाईंनी गर्दीतून वाट काढत गाडीला चक्कर मारली. मागं वाकून पाहिलं. मागच्या जागेत एक पोर बसलं असतं, तेही पाय दुमडून.

साहेबांनी ओळखलं. "आइए मियाँ! कैसी है?"

"पट जिंकेल, साहेब," याकूबभाई म्हणाले. "शर्यतीची, शंकरपटाची जोडी असते तशी हाय. चार मिनिटं पळते अन् वर्षभर खाते. आमचं काम वखराच्या बैलाचं होतं. माझ्या पाच गाड्या?"

"कौनसी पाँच?"

याकूबभाईंनी खांद्यावरचा रुमाल काढला आणि नुसता पुढं धरला. साहेबांना आठवायला थोडा वेळ लागला. मग ते हसले. तेच हसू, अगदी तसंच.

"अरे भाई, वो तो मज़ाक था! सारे हिंदुस्तान में वॅगन अकेले आप बेच रहे थे. आपके लिए कारख़ाना चलाएँ?"

"साहेब, मी पाच लोकाईले हात देला हाय."

"तो उनसे कहिए, कंपनी ने बंद कर दी. सब समझेंगे. आप ये बेचिए ना, आप तो पत्थर भी बेच लेंगे."

मी मध्ये पडलो. काय बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. शेठनी मला दंड धरून बाहेर काढलं. याकूबभाई मागून शांतपणे आले आणि म्हणाले, "चला भाऊ, बस चुकेन." बडनेरा येईपर्यंत त्यांनी फुटाणे खाल्ले नाहीत.

साहेब म्हणाले ते एका अर्थी खरं होतं. सब समझे. त्यातच याकूबभाई जिवंतपणी मेले. ते पाचही जणांच्या दारी स्वतः गेले. तिघा व्यापाऱ्यांनी चहा पुढं केला, तुमची काय चूक म्हणाले. डॉक्टर तायड्यांनी तर उठून त्यांचा हात हातात घेतला आणि म्हणाले, "मी जुनी जीप पाहतो आहे, तुम्ही मनाला लावून घेऊ नका." कुठंही त्यांनी चहा घेतला नाही. शेवटी माझ्याकडं आले. या वेळी घराला चक्कर मारली नाही, सरळ पुढच्या दारानं आले. मी त्यांना शिव्या दिल्या. कागदावर घ्या म्हणालो होतो की नाही, बैलाची अक्कल माणसाला लावता, माझी सवारी बुडाली, सगळं काढलं. बायको मध्ये आली तरी थांबलो नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"आता बरं वाटते," म्हणाले. "वहिनी, चहा ठेवा."

बाजाराला मात्र कंपनी, पत्रा, इंजिन यांतलं काही कळत नव्हतं. बाजाराला एवढंच कळलं की याकूबनं पाच हात धरले आणि पाचही मोकळे सुटले. कोणी तोंडावर बोललं नाही. नुसते त्यांच्या रुमालाखाली हात येईनासे झाले. ते बैलाशेजारी उभे राहायचे, आणि गिऱ्हाईक जरा पलीकडं जाऊन दुसऱ्या दलालाला शोधायचं. डॉक्टर तायडे एकदा मुद्दाम पातूरहून आले, गरज नसताना जोडी घ्यायला. याकूबभाई त्यांना म्हणाले, "डॉक्टरसाहेब, दया नका करू. बाजार पाहून राह्यला." आणि त्यांना दुसऱ्याकडं पाठवलं.

लाल गाड्या वऱ्हाडात किती आल्या कोण जाणे, मी तरी रस्त्यावर फारशा पाहिल्या नाहीत. थोड्या वर्षांनी कंपनीनं त्याही बंद केल्या. शेठनी एजन्सी बदलली. मला राग येणंही हळूहळू बंद झालं. आता त्या जागी काही नाही. दाढ काढल्यावर जीभ जाते तिथं, तसं.

याकूबभाईंना मी शेवटचं पाहिलं ते बैलबाजाराच्या तोंडाशी. पोतं अंथरून बसले होते. समोर दावी, कासरे, वेसणी, घुंगरांचे पट्टे. कोट तोच. मी गाडी बाजूला लावून गेलो. घरी गाय होती, दावं हवंच होतं.

"कितीले?"

त्यांनी मोठ्यानं भाव सांगितला. आजूबाजूच्या चार दुकानांना ऐकू जाईल असा.

मी अर्धा भाव मागितला. खरं सांगतो, घासाघीस व्हावी म्हणून मागितला. त्यांनी हुज्जत घालावी, माझा हात धरावा, मला तापवावं.

"एकच भाव हाय, भाऊ," म्हणाले. "समद्याईले एकच."

मी पैसे दिले. त्यांनी दाव्याची नीट गुंडाळी करून दिली आणि मागच्या गिऱ्हाइकाकडं पाहिलं. त्याच हिवाळ्यात ते गेले. मातीला बाजारातली माणसं फार नव्हती.

कंपनीवाल्यांना एवढंच सांगतो, मला गाडी नको आहे. नुकसान भरून नको. मी ते केव्हाच दुसरीकडून वसूल केलं. पत्रा कमी होता तर होता, वॅगन बंद करायची तर करा, कारखाना तुमचा आहे. पण वायदा मोडला तो तुम्ही, आणि नाव गेलं याकूबभाईंचं. तुमच्या कंपनीतल्या कोणी तरी बाजाराच्या दिवशी अकोल्याला यावं, बैलबाजारात उभं राहावं, आणि दलालांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात सांगावं की याकूबनं नाही, आम्ही मोडला. ते साहेब हयात असतील तर त्यांनी यावं. नसतील तर त्यांच्या खुर्चीवर आज जो बसला आहे त्यानं यावं. मी तिथं असेन. कोण येणार आहे, तेवढं मला सांगा.